किक मारणाऱ्याची पारख



खेळाच्या हंगामाचे खरे काम हंगाम सुरू होण्यापूर्वीच होत असते. सामन्याच्या दिवशी प्रेक्षक पाहतात तो केवळ निकाल होय. त्या निकालाची तयारी कित्येक आठवडे आधी, रिकाम्या मैदानावर आणि एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या वहीत झालेली असते. कोणाला संघात घ्यावे, कोणाला कोठे उभे करावे, आणि पंचाने पेनल्टीची शिट्टी वाजवली तर चेंडू कोणाच्या स्वाधीन करावा, हे प्रश्न त्या वहीत सुटतात किंवा सुटावयाचे राहून जातात. यांपैकी शेवटचा प्रश्न दिसावयास लहान आहे. नव्वद मिनिटांच्या खेळात ती किक कदाचित एकदाही मारावी लागत नाही. परंतु जेव्हा मारावी लागते, तेव्हा अकरा जणांच्या वर्षभराच्या मेहनतीचा निवाडा एका तरुणाच्या पायावर येऊन ठेपतो. म्हणून हंगामापूर्वी किक मारणाऱ्यांची पारख कशी करावी, आणि त्या पारखीची जबाबदारी कोणाची, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

म्हैसूर शहराच्या वायव्येस हूटगळ्ळी नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे औद्योगिक वसाहतीमुळे आज शहराशी जोडले गेले आहे. अशा वस्तीतील एक महाविद्यालय श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावे. हे महाविद्यालय कल्पनेतले आहे; त्याची अडचण मात्र देशातल्या शेकडो महाविद्यालयांची आहे. मैदान एकच, तेही पावसाने अर्धे भिजलेले. चेंडू सहा-सात. सरावाला वेळ म्हणजे संध्याकाळचा तास-दीड तास. क्रीडाशिक्षक एकच, आणि त्याच्याकडे कबड्डी, व्हॉलीबॉल व धावण्याच्या शर्यती यांचेही काम. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची असली, तर एकदा हरले की संघाचे वर्ष संपले. सामना बरोबरीत सुटला तर टायब्रेकर. तेव्हा पेनल्टी कोणी मारावयाची हे ज्या संघाला आधी ठाऊक नसते, त्याची ऐन वेळी जी धांदल उडते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

या कल्पित संघात चार उमेदवार आहेत असे समजू. पहिला कर्णधार, आघाडीला खेळणारा, लोकप्रिय, आणि मान आपल्यालाच मिळावा असे मानणारा. दुसरा बचावफळीतला धिप्पाड मुलगा. त्याच्या पायात दणका असा की चेंडू जाळे फाडील असे वाटावे. तिसरा पहिल्या वर्षाचा, डाव्या पायाने खेळणारा. त्याला अजून कोणी नावानेही हाक मारीत नाही. चौथा मधल्या फळीतला, अबोल, ज्याचा खेळ पाहून कोणी टाळ्या वाजवीत नाही, पण ज्याच्याकडून चेंडू क्वचितच चुकीच्या जागी जातो. शिक्षकाला या चौघांतून निवड करावयाची आहे.

ज्या प्रदेशातला हा संघ, त्याला फुटबॉल परका नाही. मुंबईत 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर प्रारंभी लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. ते मोडून 1937 साली तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगळूरचा, ‘बंगलोर मुस्लिम्स’ या नावाचा होता. संतोष चषक म्हैसूर राज्याने 1946-47, 1952-53, 1967-68 आणि 1968-69 असा चार वेळा जिंकला. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, कर्नाटकाने तो पुन्हा मिळवला. हूटगळ्ळीच्या कल्पित मैदानावर चेंडू मारणाऱ्या मुलांच्या पाठीशी अशी परंपरा उभी आहे. मात्र परंपरा किक मारीत नाही. ती मारावी लागते त्या दिवशी मैदानात असलेल्या मुलालाच.

योगायोग असा की रोव्हर्स चषकाचे जे वर्ष, तेच पेनल्टी किकचेही. 1891 साली हा नियम फुटबॉलच्या कायद्यात आला. बरोबरीचे सामने नाणेफेक करून किंवा चिठ्ठी टाकून निकालात काढण्याऐवजी दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी किक माराव्यात, ही रीत 1970 साली मान्य झाली. गोलपासून किकचे अंतर 11 मीटर. गोलची रुंदी 7.32 मीटर व उंची 2.44 मीटर. चांगल्या पायाने मारलेला चेंडू ताशी 90 किलोमीटर वेगाने निघाला, तर तो सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी अवधीत गोलरेषा गाठतो. गोलरक्षकाने चेंडू कोठे जातो ते पाहून मग झेप घ्यावी म्हटले, तर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे गणित सर्वस्वी मारणाऱ्याच्या बाजूचे आहे. आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या मनावर ओझे होऊन बसते. गोल झाला तर त्यात विशेष काय, असे लोक म्हणतात. हुकला तर जन्मभर विसरत नाहीत.

आता रूढ पद्धत पाहा. सरावाच्या शेवटी शिक्षक चौघांना रांगेत उभे करतो, प्रत्येकाला दहा चेंडू देतो आणि गोल मोजतो. समजा, कर्णधाराचे दहांपैकी आठ गोल झाले आणि मधल्या फळीतल्या अबोल मुलाचे सहा. शिक्षक आठाला पसंती देतो, वही मिटतो आणि निश्चिंत होतो. हिशेब सोपा आहे, पण तो फसवा आहे. ज्याची खरी योग्यता दहांत सहा गोलांचीच आहे, असा मुलगाही निव्वळ दैवयोगाने दर सहा संध्याकाळींतून सुमारे एका संध्याकाळी आठ किंवा अधिक गोल करून दाखवील. उलट, ज्याची योग्यता चारांत तीन गोलांची आहे, तोही पाच संध्याकाळींतून सुमारे एका संध्याकाळी सहा किंवा त्याहून कमी गोलांवर अडकेल. हे अंकगणित आहे. यात कोणाच्या मताचा प्रश्न नाही. एका संध्याकाळच्या दहा चेंडूंवरून माणूस ओळखणे म्हणजे एका दिवसाच्या हजेरीपटावरून कारकुनाची बढती ठरवण्यासारखे आहे. सरकारी कचेरीतसुद्धा वर्षभराच्या कामाचा अहवाल मागवतात, आणि एका वर्षाच्या अहवालावर विसंबू नये असे शहाणे अधिकारी मानतात.

यावर उपाय म्हणजे नोंद लांबवणे. सरावाच्या प्रत्येक दिवशी चौघांनी पाच-सहाच किका माराव्यात, पण पाच-सहा आठवडे माराव्यात. अशाने प्रत्येकाच्या नावावर शंभराच्या आसपास किका जमतात आणि दैवाचा वाटा बराच कमी होतो. एकाच दिवशी शंभर किका मारून घेण्याचा मोह मात्र टाळावा. वाढत्या वयाच्या मुलांची जांघ आणि मांडीचे स्नायू अशा अट्टाहासाने दुखावतात, आणि मग परीक्षेत पहिला आलेला उमेदवार हंगामात बाकावर बसतो.

परंतु केवळ संख्या वाढवून भागत नाही. काय मोजावे हेही ठरवावे लागते. गोलची रुंदी ही उंचीच्या बरोबर तिप्पट आहे. म्हणजे आडव्या खांबापासून दोन दोऱ्या खाली सोडल्या की गोलचे तीन समान चौकोन होतात. तिसरी दोरी मध्यावर आडवी बांधली की सहा खाने तयार होतात. खर्च काय तो सुतळीच्या एका गुंडीचा. आता प्रत्येक मुलाने किक मारण्यापूर्वी वही धरणाऱ्याच्या कानात आपला खाना सांगावा, आणि मगच धाव घ्यावी. चेंडू गोलमध्ये गेला पण उजव्या खालच्या खान्याऐवजी मध्ये गेला, तर ती नोंद यशाची नव्हे, चुकीची समजावी. गोल हा गोलरक्षकाच्या चुकीनेही होतो; सांगितल्या जागी चेंडू जाणे हे मात्र मारणाऱ्याचेच कसब होय. या कसोटीवर धिप्पाड बचावपटूचा दणका कदाचित निम्म्या वेळा भलतीकडे जातो असे दिसून येईल, आणि अबोल मुलाच्या ‘सहा गोलां’तले सहाही सांगितल्या खान्यात होते, असेही आढळेल. वहीतले आकडे असे बोलू लागले म्हणजे लोकप्रियतेचा आवाज आपोआप थोडा खाली येतो.

दुसरी कसोटी परिस्थितीची. सरावात मुलगा एकामागून एक दहा चेंडू मारतो. पहिल्या दोन-तीनांत पाय बसतो, अंतराचा अंदाज येतो आणि पुढचे चेंडू सुरेख जातात. सामन्यात पहिला चेंडू हाच शेवटचा असतो. यास्तव प्रत्येक दिवसाच्या पहिल्या किकची नोंद निराळ्या रकान्यात करावी. हंगाम संपेपर्यंत हा एकच रकाना राखला, तरी तो बाकीच्या साऱ्या रकान्यांपेक्षा अधिक खरे बोलेल. तसेच काही किका सरावाच्या आरंभी, ताज्या दमात घ्याव्यात आणि काही पूर्ण धावपळ झाल्यावर, पाय जड झालेले असताना. काही कोरड्या चेंडूने, काही भिजलेल्या. टायब्रेकरच्या वेळी खेळाडू मैदानाच्या मध्यभागी उभे असतात. तेथून पेनल्टीच्या जागेपर्यंत सुमारे चाळीस मीटर एकट्याने चालत जावे लागते. हे चालणेही सरावात आणावे. बाकीच्या मुलांना मध्यरेषेवर उभे करावे, एकेकाचे नाव पुकारावे, आणि त्याने चालत जाऊन एकच चेंडू मारून परत यावे. हे दिसावयास पोरखेळासारखे वाटेल. पण चाळीस मीटरच्या त्या वाटेवर कोणाची पावले घाईची होतात, कोण चेंडू ठेवताना दोनदा हलवतो, कोण पंचाच्या शिट्टीनंतर एक श्वास घेतो, हे शिक्षकाला तेथेच दिसते.

गोलरक्षकाचाही विचार हवा. आपल्याच संघाच्या गोलरक्षकापुढे केलेला सराव अर्धवट असतो, कारण त्याला मुलांच्या सवयी ठाऊक असतात आणि मुलांना त्याच्या. शेजारच्या महाविद्यालयाचा गोलरक्षक आठवड्यातून एकदा बोलावला, तर दोघांचेही कल्याण होते. इस्रायलमधील काही अभ्यासकांनी 2007 साली मोठ्या स्पर्धांतील 286 पेनल्टी किकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की शेकडा चौऱ्याण्णवच्या सुमारास वेळा गोलरक्षकाने डावीकडे वा उजवीकडे झेप घेतली. किका मात्र शेकडा एकोणतीसच्या सुमारास मध्यभागी आल्या होत्या. जागीच उभे राहून गोल झाला तर लोक नाव ठेवतील, या धाकाने गोलरक्षक झेप घेतो, असे त्यांचे अनुमान होते. लोकापवादाचे भय मैदानाच्या दोन्ही टोकांना सारखेच काम करते, हे यातून ध्यानी यावे.

येथवर विवेचन पेनल्टी किकचे झाले. फ्री किक आणि कॉर्नर किक या निराळ्या विद्या आहेत, आणि एकाच परीक्षेत तिन्ही विषयांचे गुण देऊ नयेत. फ्री किकच्या वेळी 9.15 मीटरवर प्रतिपक्षाची भिंत उभी असते. तिला वळसा घालणारा चेंडू फिरकीवर चालतो. क्रिकेटमधला फिरकी गोलंदाज जे बोटांनी साधतो, ते येथे पायाच्या आतल्या कडेने साधावे लागते. सरावासाठी बांबूंवर गोणपाट ताणून भिंत उभारता येते. कॉर्नर किकमध्ये तर गोल मोजण्यात अर्थच नाही. चेंडू गोलरक्षकाच्या हाताबाहेर, पण आपल्या आघाडीच्या डोक्याशी, दहांपैकी किती वेळा पडला हे पाहावयाचे. पहिल्या वर्षाचा तो डाव्या पायाचा मुलगा उजव्या कोपऱ्यावरून चेंडू गोलच्या दिशेने आत वळवू शकतो, ही गोष्ट पेनल्टीच्या रांगेत कधीच उघडकीस आली नसती. चौघांपैकी कोण श्रेष्ठ, असा प्रश्न शिक्षकाने आरंभीच विचारला असता, तर या मुलाला उत्तरात जागा मिळाली नसती. कोण कशासाठी योग्य, असे विचारल्यावर ती मिळाली.

या विशेष कौशल्याचा विचार अमेरिकेतील महाविद्यालयांत टोकाला नेलेला दिसतो. तेथील फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळणे हा त्याचा मुख्य भाग. पाय लावण्याचे प्रसंग थोडे. पण ज्याला पाय लावावयाचा तो खेळाडू संघात स्वतंत्रच असतो. 18.5 फूट अंतरावरील दोन खांबांच्या मधून व 10 फूट उंचीच्या आडव्या दांड्यावरून चेंडू पार केला की तीन गुण. 1956 नंतर हंगेरीतून आलेल्या निर्वासित कुटुंबातील पीट गोगोलाक या तरुणाने कॉर्नेल विद्यापीठात आपल्या फुटबॉलच्या सवयीप्रमाणे तिरकी धाव घेऊन पायाच्या वरच्या भागाने किक मारावयास प्रारंभ केला आणि 1964 साली तो व्यावसायिक संघात गेला. तोवर चवड्याच्या टोकाने सरळ किक मारण्याची तेथे रीत होती. पुढे सर्वत्र गोगोलाकचीच रीत रूढ झाली. 1976 साली ओवे योहान्सन या स्वीडिश विद्यार्थ्याने टेक्सासमधील एका महाविद्यालयासाठी 69 यार्डांवरून, म्हणजे सुमारे 63 मीटरांवरून, चेंडू पार केला. एवढ्या पल्ल्याचा पाय मिळूनही व्यावसायिक खेळातील त्याची कारकीर्द अल्पकाळात संपली. पल्ला हा एक गुण आहे. सारे गुण नव्हेत.

या निवडीची किंमत किती असू शकते, हे 30 नोव्हेंबर 2013 रोजी दिसून आले. ऑबर्न आणि अलाबामा या दोन शेजारी विद्यापीठांचा सामना 28-28 असा बरोबरीत होता. अलाबामाच्या नेहमीच्या किक मारणाऱ्याचे त्या दिवशी तीन प्रयत्न वाया गेले होते. अखेरचा एक सेकंद उरला असता प्रशिक्षकाने 57 यार्डांची किक एका नवख्या, लांब पल्ल्याच्या विद्यार्थ्याकडे सोपवली. चेंडू खांबांपर्यंत पोहोचला नाही. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो आपल्या टोकाला झेलला आणि सारे मैदान पार करून विजयाचे गुण मिळवले. किकेसाठी उभे केलेले अलाबामाचे खेळाडू अंगाने धिप्पाड होते; धावून अडवण्यासाठी त्यांची निवडच झालेली नव्हती. सामना 34-28 असा गेला. त्यानंतर नेहमीच्या किक मारणाऱ्या त्या विद्यार्थ्यावर समाजमाध्यमांतून शिव्याशापांचा व धमक्यांचा वर्षाव झाला. तो 43 क्रमांकाचा अंगरखा घालून खेळत असे. अमेरिकेचे 43वे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने धीराचे पत्र लिहिले. एका विद्यार्थ्याच्या हुकलेल्या किकेवरून माजी राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहावेसे वाटावे, एवढे ते ओझे होते. पण त्याला त्या जागी उभे कोणी केले, आधीच्या दोन चुकांनंतर तिसऱ्यांदा त्यालाच का पाठवले, हे प्रश्न विचारणारे थोडेच होते.

पारखीचा खरा प्रश्न येथे येऊन थांबतो. किक मुलगा मारतो, पण त्याची निवड शिक्षक करतो. यश आले तर दोघांचे, आणि अपयश आले तर ते केवळ मुलाचे, ही वाटणी अन्यायाची होय. नॉर्वेतील क्रीडामानसशास्त्राचे अभ्यासक गेर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील टायब्रेकरांचा अभ्यास केला. गोल झाला की सामना जिंकला, अशा वेळी खेळाडू शेकडा नव्वदाहून अधिक किका यशस्वी करतात. किक हुकली की सामना गेला, अशा वेळी तेच प्रमाण साठाच्या आसपास उतरते, असे त्यांना दिसले. अंतर तेच, चेंडू तोच, पायही तसेच. बदलतो तो केवळ मनातला विचार. तेव्हा हुकण्याचे भय कमी करणे हाही पारखीचाच एक भाग ठरतो. पाच जणांचा क्रम हंगामापूर्वी लिहून ठेवावा, तो मुलांना सांगावा, आणि हा क्रम शिक्षकाने ठरवला आहे हे साऱ्या संघाला स्पष्ट असावे. मग एखाद्याची किक हुकली, तर तो परत येताना मध्यरेषेवर त्याला एकटे वाटणार नाही.

भारताच्या फुटबॉलने हा धडा फार पूर्वी, फार मोठ्या मैदानावर घेतलेला आहे. 31 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. एक शैलेन मन्ना यांनी मारली, एक महावीर प्रसाद यांनी. दोन्ही हुकल्या. सारंगपाणी रामन यांनी एक गोल केला, पण अखेरच्या क्षणांत फ्रान्सने दुसरा गोल करून सामना 2-1 असा जिंकला. एका दिवसाच्या वहीवरून निकाल दिला असता, तर मन्ना यांचे नाव तेथेच खोडले गेले असते. निवड करणाऱ्यांनी तसे केले नाही. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा भारतीय संघाचे कर्णधार शैलेन मन्ना होते. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलने भारताने इराणला 1-0 असे हरवले आणि सुवर्णपदक मिळवले. पुढे 1971 साली मन्ना यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. एका चुकीपलीकडचा खेळाडू पाहण्याची दृष्टी त्या निवडीत होती, आणि तिचे फळ देशाला मिळाले.

अलीकडचे उदाहरण हूटगळ्ळीच्या अधिक जवळचे आहे. 2023 च्या जून-जुलैत बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर दक्षिण आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात लेबनॉन आणि अंतिम सामन्यात कुवेत, असे दोन्ही सामने भारताने टायब्रेकरवरच जिंकले. अंतिम सामन्यात भारताचीही एक किक हुकली होती. तरी पुढच्या खेळाडूने आपली किक शांतपणे मारली, त्याच्या पुढच्यानेही मारली, आणि अखेर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांनी कुवेतची किक अडवून 5-4 असा निकाल लावला. टायब्रेकर ही पाच-सहा जणांची साखळी आहे. तिची एक कडी निसटली तरी बाकीच्या धरून राहू शकतात, हे हजारो प्रेक्षकांनी त्या रात्री पाहिले.

महाराष्ट्रात ज्यांना हे सांगावे लागत नाही असे लोक कोल्हापूरचे. तेथील फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ राजर्षी शाहू मैदानावर उतरतात, तेव्हा एकेका पेठेची इभ्रत पणाला लागते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. अशा गावात टायब्रेकरमध्ये हुकलेल्या किकची चर्चा चहाच्या टपरीवर दीर्घकाळ चालते. तालमीत मात्र एक जुना संस्कार आहे: पडलेल्या मल्लाला वस्ताद स्वतः हात देऊन उठवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आखाड्यात उतरवतो. फुटबॉलच्या मैदानाने तो संस्कार आखाड्याकडून अवश्य घ्यावा.

आता हूटगळ्ळीच्या शिक्षकाची वही पुन्हा उघडून पाहू. सहा आठवड्यांच्या नोंदीनंतर पेनल्टीच्या क्रमात अबोल मुलाचे नाव पहिले आले असेल. कर्णधाराचे तिसरे. बचावपटूची पेनल्टी काढून घेतली असेल, पण दूरच्या फ्री किका त्याच्याकडे गेल्या असतील. उजवा कोपरा पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळाला असेल, आणि आता त्याला सारे जण नावाने ओळखत असतील. कर्णधाराला हे रुचणार नाही. त्याला बाजूला घेऊन, वही त्याच्यापुढे ठेवून, रकाना रकाना समजावून सांगणे, हे शिक्षकाचे शेवटचे आणि कदाचित सर्वांत अवघड काम. आकडे लपवून ठेवले तर ते पक्षपातासारखे दिसतात. उघड केले तर मुलगा त्यांच्याशी वाद घालील, रागावेल, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी मैदानावर येऊन सुतळीच्या खान्यांवर चेंडू मारू लागेल. सहा आठवड्यांनी वही पुन्हा उघडावयाची आहे, हे त्यालाही सांगितलेले असावे. क्रम बदलू शकतो, ही आशा ज्या वहीत आहे, तीच वही पारखीच्या उपयोगाची.

मग एखाद्या दिवशी, पावसाने जड झालेल्या मैदानावर, अखेरच्या मिनिटाला शिट्टी वाजेल. संघातला कोणीही इकडे तिकडे पाहणार नाही, कोणी चेंडू हिसकावून घेणार नाही. ज्याचे नाव आधी ठरले आहे तो मुलगा पुढे होईल, चेंडू ठेवील आणि मागे सरेल. गोल होईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. चार किकांतली एक चांगल्यांचीही हुकते. परंतु त्या क्षणी जे मनुष्याच्या हाती होते ते सारे करून झालेले असेल, आणि निकाल काहीही लागला तरी त्या मुलाशेजारी उभे राहावयास त्याचा शिक्षक मोकळ्या मनाने पुढे येऊ शकेल.